शनिवारी कुणाची चूल पेटली नाही?

मानेसर म्हटले की लोकांना मोटारींचे कारखाने आठवतात. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या खुरट्या टेकड्यांजवळ वसलेल्या या गावाची दुसरी ओळख म्हणजे एनएसजीच्या कमांडोंचा तळ. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा काळ्या वेषातले जवान इथूनच निघाले होते. त्यांतले काही ताजमहाल हॉटेलात शिरले, काही ओबेरॉयमध्ये आणि काही हेलिकॉप्टरमधून दोराने कुलाब्याच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर उतरले. ती इमारत म्हणजे नरीमन हाउस. हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट तिथेच धारातीर्थी पडले. ज्यू धर्मगुरू गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा ओलिसांचा तिथे बळी गेला. त्यांच्या जेमतेम दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युअल या दाईने छातीशी धरून बाहेर आणले, ते दृश्य सगळ्या जगाने पाहिले.

आमच्या शेजारी सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. ते मूळचे हरियाणाचेच. मी मराठी असल्याने मुंबईचे काही निघाले की ते मलाच विचारतात. एकदा असेच नरीमन हाउसवरून बोलणे निघाले आणि त्यांनी विचारले, "बहनजी, आपकी तरफ ये यहूदी आये कहाँ से?"

प्रश्न सोपा होता. माझे माहेर अलिबागचे. तिथे इस्रायल आळी आहे आणि त्या आळीत मागेन अवोथ नावाचे सिनेगॉग आहे, हे मला 'सिनेगॉग' हा शब्द कळण्याच्या आधीपासून ठाऊक. आम्ही त्याला मशीदच म्हणत असू. आजी तर त्या लोकांना ज्यू असे कधीच म्हणाली नाही. तिच्या लेखी ते 'शनवार तेली'. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, एवढीच त्यांची व्याख्या. बाकी नऊवारी तीच, भाषा तीच आणि आडनावेही गावांवरूनच पडलेली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मी सुभेदारसाहेबांना हे सगळे रंगवून सांगितले. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, वाहून आलेली प्रेते तिथेच पुरली ती जागा. ही दंतकथा, पण कोकणात ती सर्वांना पाठ असते.

ते खूश झाले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या देशात ज्यूंना कधी कुणी छळले नाही."

हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. पुढारी परदेशी पाहुण्यांसमोर ते हमखास म्हणतात आणि बेने इस्रायली स्वतःही म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागहून दक्षिणेला, एक शहर असे होते की जिथे हे वाक्य खोटे ठरते. ते शहर म्हणजे जुने गोवे.

एका वैद्याचे घर

आज जुन्या गोव्याला गेले तर मोठमोठी चर्च, हिरवळ आणि पर्यटकांच्या बसगाड्या दिसतात. सोळाव्या शतकात हे आशियातले एक गजबजलेले शहर होते. 1510 साली आफोंसो द आल्बुकेर्कने ते आदिलशहाकडून घेतले आणि मांडवीच्या काठी पोर्तुगिजांची राजधानी उभी राहिली. घोडे, मिरी, रेशीम, गुलाम या सगळ्यांचा बाजार तिथे भरे.

1534 साली या शहरात गार्सिया द ओर्ता नावाचा एक वैद्य आला. स्पेनमध्ये शिकलेला आणि लिस्बनच्या विद्यापीठात शिकवलेला हा माणूस. गोव्याचे गव्हर्नर त्याच्याकडून औषध घेत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याला बोलावून घेई. मुंबई बेट त्याला ठरावीक सालीना खंडावर मिळाले होते आणि तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. 1563 साली गोव्यात छापलेला त्याचा ग्रंथ म्हणजे भारतातील औषधी वनस्पतींवरचे युरोपातल्या माणसाने लिहिलेले पहिले मोठे काम. हिंग, अफू, भांग, वेलदोडे, दालचिनी, पटकीचा रोग असे सगळे त्यात आहे. पुस्तकी पांडित्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारा हा माणूस होता. 1567 मध्ये त्याचा लॅटिन सारांश निघाला आणि युरोपभर तो वाचला गेला.

एवढ्या नामांकित माणसाच्या घरात एक गुपित होते. ओर्ताचे आईवडील स्पेनचे ज्यू. 1492 साली स्पेनने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले तेव्हा ते पोर्तुगालला आले. 1496 मध्ये पोर्तुगालच्या राजानेही तसाच हुकूम काढला. पण त्याला एवढी कष्टाळू आणि कर भरणारी प्रजा हातची घालवायची नव्हती. म्हणून 1497 साली ज्यूंना जाऊ देण्याऐवजी सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. लोकांनी आपणहून चर्चमध्ये यावे म्हणून त्यांची मुले हिसकावून घेतली गेली. या बाटवलेल्या लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणू लागले. वीस वर्षे तुमच्या श्रद्धेची कुणी चौकशी करणार नाही, असे वचन राजाने दिले होते.

या वचनातच सगळी मेख आहे. 'वीस वर्षे विचारणार नाही' याचा अर्थ त्यानंतर विचारणार. आणि 1536 मध्ये पोर्तुगालमध्ये धर्मचौकशीचे न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झालेच. ओर्ता त्याच्या दोन वर्षे आधी जहाजावर चढला होता. हा योगायोग असावा असे मला वाटत नाही. 1547 मध्ये त्याच्या बहिणींना लिस्बनमध्ये अटक झाली. पुढे सुटका होऊन त्या भावाच्या आश्रयाला गोव्याला आल्या. समुद्रापलीकडे तरी कुणी विचारणार नाही, अशी आशा.

कायद्याची खुबी पाहा. ज्यू म्हणून उघडपणे राहण्याला पोर्तुगालमध्ये परवानगीच नव्हती. बाप्तिस्मा घेतला की माणूस ख्रिस्ती झाला आणि ख्रिस्ती माणसाने ज्यू चालीरीती पाळणे हे पाखंड. पाखंडाला शिक्षा देहान्तापर्यंतची. म्हणजे ज्यू राहायचे नाही आणि ख्रिस्ती झाल्यावर मनातूनही ज्यू असायचे नाही. बाप्तिस्मा जबरदस्तीचा होता, ही सबब न्यायालयापुढे चालत नसे.

शेजाऱ्यांचे डोळे

मनातले ओळखायचे कसे? त्यासाठी न्यायालयाकडे खुणांची यादी असे आणि ती चर्चमध्ये जाहीर वाचून दाखवली जाई. शुक्रवारी संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर दिवे लावणारे घर कोणते? शनिवारचे जेवण शुक्रवारीच कोण शिजवून ठेवतो? शनिवारी धुतलेले कपडे कोण घालतो, पलंगावर स्वच्छ चादर कोण घालतो? डुकराचे मांस कोण टाळतो? खवले नसलेली मासळी कोणाच्या घरात चालत नाही? ज्याला असे काही दिसले असेल त्याने येऊन सांगावे. न सांगणे हाही अपराधच.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या मनात आले की हा कायदा मुख्यतः बायकांना पकडण्यासाठीच केला होता. पुरुष बाजारात, दरबारात कसेही वागोत. घरात दिवा कोण लावते, मासळी कोण निवडते, चादर कोण बदलते? सिनेगॉग नसताना, पुस्तके नसताना, धर्म उरला होता तो स्वयंपाकघरात. आणि तिथवर नजर पोहोचणार ती मोलकरणीची, शेजारणीची, सुनेची किंवा व्याह्याची.

आरोपीला त्याच्याविरुद्ध कोण बोलले ते सांगितले जात नसे. आरोप नेमका काय आहे, हेही सुरुवातीला सांगत नसत. तूच आठव आणि कबूल कर, असे म्हणत. अटक झाली की मालमत्तेवर टाच येई आणि दोषी ठरल्यास ती जप्त होई. न्यायालयाचा खर्चही अशा जप्तीतून निघे. ज्या कचेरीचा पगार आरोपीच्या घरातून येतो, तिथे निर्दोष सुटणारे किती असणार, हे हिशेब येणाऱ्या कुणालाही कळेल.

गोव्यात रीतसर न्यायालय येण्याआधीच एक प्रकरण घडले होते. 1543 साली जेरोनिमो दियाश या नव्या ख्रिस्ती वैद्याला ज्यू मते बाळगल्याबद्दल मृत्युदंड देऊन त्याचे प्रेत जाळण्यात आले. ओर्ता तेव्हा त्याच शहरात वैद्यकी करत होता. आपल्याच व्यवसायातल्या माणसाचा धूर त्याने पाहिला असेल आणि तरी दुसऱ्या दिवशी रोगी तपासायला तो गेलाच असेल. 1546 मध्ये फ्रान्सिस झेवियरने राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन हवे अशी विनंती केली. 1560 मध्ये ते आले. आदिलशहाच्या जुन्या वाड्यात त्याचे बिऱ्हाड लागले. लोक त्या इमारतीचे नाव घेत नसत. 'व्हडलें घर' म्हणत, म्हणजे थोरले घर.

ओर्ताला मात्र कुणी हात लावला नाही. 1568 मध्ये तो बिछान्यावर मेला आणि त्याचे रीतसर ख्रिस्ती दफन झाले. व्हाइसरॉयांचे नाडीपरीक्षण करणाऱ्या माणसाचे संरक्षण त्याच्यासोबतच संपले. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला अटक झाली. तिच्या खटल्यात भावाच्याही श्रद्धेविषयी जबान्या नोंदल्या गेल्या. न्यायालय स्वतः कुणाला मारत नसे. दोषीला राजसत्तेच्या हवाली करी आणि पुढचे काम राजाची माणसे करत. हात स्वच्छ ठेवण्याची ही रीत. 25 ऑक्टोबर 1569 रोजी कातारिना द ओर्ताला गोव्यात जिवंत जाळण्यात आले.

तेवढ्याने समाधान झाले नाही. 1580 मध्ये मेलेल्या ओर्तावरही निकाल लागला. बारा वर्षे जमिनीत असलेली त्याची हाडे उकरून काढली, मिरवणुकीने नेली आणि जाळली. मेलेल्या माणसावर खटला कशासाठी, असे आपल्याला वाटते. त्यामागे श्रद्धेपेक्षा दप्तराची शिस्त जास्त असावी. एकदा नोंदवहीत 'ज्यू' असे लिहिले गेले की तो माणूस ख्रिस्ती जमिनीत पडून राहता कामा नये. वही आणि कबर यांचा मेळ बसला पाहिजे.

ही सगळी हकीकत पुढे साडेतीनशे वर्षे कुणाला ठाऊक नव्हती. ओर्ताचे थोर चरित्रकार त्याला चांगला ख्रिस्ती मानून लिहीत राहिले. 1934 साली एका पोर्तुगीज डॉक्टरने लिस्बनच्या दप्तरातून जुने खटले शोधून काढले तेव्हा कातारिनाचे नाव बाहेर आले.

तुळशीपर्यंत

आता कुणी म्हणेल की मूठभर पोर्तुगीज ज्यूंची ही गोष्ट, तिच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. झेवियरला किंवा पोर्तुगीज राजाला जे न्यायालय मुख्यतः नव्या ख्रिस्ती लोकांसाठी हवे होते, ते त्यांच्यापुरते थांबले नाही. गोव्यातले ज्यू वंशाचे व्यापारी मेले, पळाले, पांगले. न्यायालय मात्र राहिले आणि त्याला काम लागत होते. मग बाटलेल्या हिंदूंची पाळी आली. यादी तयारच होती, फक्त त्यातल्या खुणा बदलायच्या होत्या. 1736 च्या एका हुकुमात बाटलेल्यांनी काय करू नये, याची जंत्री आहे: दारात तुळस लावू नये, लग्नात हळद लावू नये, भात शिजवताना मीठ न घालण्याची हिंदूंची रीत पाळू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये. मीठ नसलेला भात! दीडशे वर्षांपूर्वी जी नजर शनिवारच्या चुलीवर होती तीच आता भाताच्या हंडीत डोकावत होती.

मधली चार वर्षे सोडली तर हे न्यायालय 1812 पर्यंत चालले. उपलब्ध नोंदींवरून सोळा हजारांहून अधिक माणसे त्याच्यापुढे उभी राहिली. अ. का. प्रियोळकरांनी 1961 साली यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मराठी छापखान्याचा आणि जुन्या मराठी वाङ्मयाचा हा साक्षेपी अभ्यासक मूळचा गोव्यातल्या प्रियोळचा. गोवा मुक्त झाला त्याच वर्षी हे पुस्तक यावे, हा योग मोठा विलक्षण. त्यात चीड आहे, पण आरडाओरड नाही. कागद समोर ठेवले आहेत.

पंचवीस-तीस किलोमीटर

या गोष्टीतला माझ्या मनात घर करून राहिलेला भाग वेगळाच आहे. अलिबागच्या दक्षिणेला रेवदंडा. तिथे चौलच्या बंदरावर पोर्तुगिजांचा किल्ला होता. त्याची तटबंदी आजही नारळ-पोफळीच्या वाड्यांना वेढून उभी आहे. अलिबागच्या उत्तरेला नवगाव. दोन्हींतले अंतर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणजे ज्या सत्तेच्या राज्यात शनिवारी चूल न पेटवणे हा मरणाचा अपराध होता, तिची हद्द संपल्यावर एका दिवसाच्या चालीवर शनिवारी घाणा न चालवणारे लोक राहत होते, आणि गावाने त्यांना त्याच गोष्टीवरून नाव दिले होते. खूण तीच. इकडे ती जातीचे नाव झाली, तिकडे आरोपपत्रातले कलम.

मासळीचीही गोष्ट तशीच. बेने इस्रायली सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा एक परका ज्यू कोकणात आला. हे लोक खरोखर आपले आहेत का हे पाहायला त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि शिजवायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी उचलली. बाकीची आम्ही खात नाही म्हणाल्या. मग त्याने त्यांना विसरलेल्या प्रार्थना, सण आणि लिपी शिकवली. ही दंतकथाच, तिचा काळही निरनिराळा सांगतात. तरी गोव्याच्या यादीशेजारी ती ठेवून पाहावी. दोन्हीकडे परीक्षा बायकांची आणि मासळीचीच.

कोकणाचे फार गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. शनवार तेली म्हणून त्यांना राहू दिले, याचे एक कारण आपला जातिभेद हेही आहे. ज्याच्या घरी आपण जेवायचेच नाही, त्याच्या हंडीत काय शिजते याची चौकशी कोण करणार? आणि तेली म्हणजे तेली. त्या उतरंडीत त्यांची पायरीही खालचीच. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद शिरला आणि बेटीव्यवहार बंद झाले. बगदादहून मुंबईला आलेल्या श्रीमंत ज्यूंपैकी कित्येकांनी त्यांना बरोबरीचे मानले नाही. मात्र सरकारी शिपाई त्यांच्या दारात येऊन 'शनिवारी काय करता' असे विचारत नव्हता, एवढे निश्चित. पुढे त्यांच्यातले काही आंग्र्यांच्या आरमारात नाईक झाले. कंपनी सरकारच्या पलटणीत सुभेदार झाले. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाचे मराठी पोथीपुस्तक छापले गेले. त्यातल्या चित्रात बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका मराठी पद्धतीने साडी नेसून बसल्या आहेत. गोव्यात जे दार लावून करायचे होते, ते पुण्यात चित्र काढून छापले गेले.

लेखी हक्क पाहायचे तर कोचीला जावे लागेल. तिथे सुमारे हजार वर्षांपूर्वी चेर राजा भास्कर रविवर्म्याने जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला ताम्रपट देऊन मानपान आणि करमाफी दिली. 1568 साली, म्हणजे गोव्यात कातारिनाला पकडले त्याच वर्षी, कोचीच्या राजाच्या वाड्याला लागून मट्टनचेरीचे सिनेगॉग उभे राहिले. पोर्तुगिजांचा किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर.

"तुम्ही नक्की ज्यू का?"

1948 मध्ये इस्रायल स्थापन झाले आणि कोकणातले, मुंबईचे हजारो बेने इस्रायली तिकडे निघाले. मारहाण नाही, हाकलणे नाही. आपल्या माणसांत जायचे म्हणून. आणि तिथे पुन्हा प्रश्न उभा राहिला. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्रायली वर किंवा वधू असेल तर आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची पिढी तपासावी. पूर्वी कुणाचा घटस्फोट धर्मनियमाप्रमाणे झाला होता का, कुणी परजातीत लग्न केले होते का, हे पाहावे. अलिबाग-पेणच्या खेड्यात तेल गाळणाऱ्या पणजीच्या लग्नाचा कागद आणणार कुठून?

गोव्याचे न्यायालय म्हणाले होते, तू नाही म्हणतोस तरी तू ज्यूच आहेस. इथे म्हणत होते, तू हो म्हणतोस तरी तू ज्यू आहेस की नाही ते आम्ही ठरवू. दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत, हे मला कळते. एकीकडे जिवंत जाळले, दुसरीकडे लग्नाची नोंदणी अडवली. पण लग्न ठरलेल्या मुलीच्या आईला त्या वेळी काय वाटले असेल? शतकानुशतके तेली म्हणवून घेऊनही जे सोडले नाही, त्याची सनद आता सासरच्या गावात दाखवायची.

बेने इस्रायलींनी ती दाखवली नाही. त्यांनी सत्याग्रह केला. हा मार्ग त्यांनी कुठून नेला असेल, ते सांगायला नको. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, त्यांना समान हक्क आहेत. मग धर्मपीठानेही सूचनेतून त्यांचे नाव काढले. आज अश्दोद, लोद, दिमोना या गावांत पुरणपोळी आणि मलिद्याचा प्रसाद करणारी घरे आहेत. तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले.

इकडे राहिलेल्यांचे काय? भारतात त्यांना कुणी त्रास दिला नाही, पण सरकारी अर्जावर त्यांच्यासाठी रकानाही नव्हता. जन्माची नोंद असो वा विवाहाची, धर्म 'इतर'. 2016 च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. दोन हजार वर्षे इथे राहिलो म्हणणाऱ्या लोकांना आपल्या नावाचा रकाना मिळायला 2016 साल उजाडले, यावर काहींनी टीका केली. मला त्यात दुसरीही बाजू दिसते. आपल्याला कुठल्याही यादीत घाला असे त्यांना इतकी वर्षे वाटले नाही, कारण यादीत नसल्याने फारसे अडलेही नव्हते. आता अडू लागले होते. प्रार्थनास्थळे, दफनभूमी, शाळा सांभाळणारे हात कमी झाले होते. 2011 च्या जनगणनेत सगळ्या देशात पाच हजारही ज्यू भरले नाहीत. त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले. मुंबईच्या भायखळ्याला सर जेकब ससून हायस्कूल आहे. ज्यू मुलांसाठी काढलेल्या त्या शाळेत आज बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत आणि शाळेच्या आवारातले सिनेगॉग निळेशार रंगवलेले उभे आहे.

2008 नंतर या सगळ्या इमारतींसमोर पोलीस बसू लागले. ज्या मुंबईत सिनेगॉगला कधी पहारा लागला नव्हता, तिथे आत जाणाऱ्याला ओळखपत्र विचारले जाऊ लागले. हल्लेखोर परदेशातून आले होते आणि कोकणातल्या तेल्यांशी त्यांचे काही वैर नव्हते. त्यांना फक्त 'ज्यू' हा शब्द ठाऊक होता. सुभेदारसाहेबांना मी हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. बिष्टांचे नाव मात्र त्यांनी दोनदा घेतले.

मागच्या खेपेस माहेरी गेले होते तेव्हा इस्रायल आळीतल्या एका ओळखीच्या काकूंना भेटले. त्यांचा मुलगा अश्दोदला, मुलगी ठाण्याला. पूर्ण प्रार्थना करायची तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमावे लागतात, असा त्यांचा नियम. पूर्वी आळीतल्या आळीत वीस मिळत, काकू म्हणाल्या. आता सणाला मुंबईहून कोण येणार, ठाण्याहून कोण येणार, याची मोजणी दोन आठवडे आधीपासून फोनवर चालते. यंदा नऊ भरले होते. दहावा त्यांचा नातू. पण त्याला तेरावे लागायला अजून चार महिने होते.